लिस्बनमध्ये दोघी, एक गेंडा आणि काशियश स्टेशन

"शाव," असं म्हणत घरमालकीणबाईंनी माझ्या हातावर चावी ठेवली. मग दाराकडे बोट करून पुन्हा "शाव". सुनीती जिन्यात बॅगेवर टेकून धापा टाकत होती (तिसरा मजला, लिफ्ट नाही, जाहिरातीत "जुन्या वळणाची सुंदर इमारत"). ती तिथूनच ओरडली, "अगं, चावीच म्हणतेय की ती!"

पुढची दहा मिनिटं आम्हा दोघींचा पोरखेळ चालला होता. न्हाणीघरातल्या बादलीकडे बोट केलं तर बाई म्हणाल्या "बाल्द". साबण म्हणजे "सबाऊँ". फडताळात आमच्यासाठी ठेवलेला पाव म्हणजे "पाऊँ". बाईंना वाटलं असावं, या दोघींना भूक लागली असावी. त्यांनी आणखी एक पाव आणून दिला. शाळेत 'पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले शब्द' अशी यादी पाठ केली होती, दोन मार्कांसाठी. त्यातले शब्द कोणाच्या तरी तोंडून, स्वयंपाकघरात उभं राहून ऐकायला मिळतील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सुनीतीची लेक श्टुटगार्टला असते. तिच्याकडे राहायला गेलो होतो, तिथून चार दिवस लिस्बन. नोव्हेंबर होता. गर्दी कमी असते म्हणून निवडला होता. पाऊस असतो हे कोणी सांगितलं नव्हतं. लिस्बनचे फुटपाथ म्हणजे पांढऱ्या चुनखडीचे आणि काळ्या दगडाचे लहान लहान चौकोनी तुकडे हातानं बसवून केलेली नक्षी. रोसियू चौकात तर काळ्यापांढऱ्या लाटाच आहेत. बघायला देखणे. पण वर्षानुवर्षांच्या चपलांनी घासून गुळगुळीत झालेले, त्यावर पाऊस आणि वर सात टेकड्यांचं शहर. पहिल्याच संध्याकाळी सुनीती अशी सुर्रकन घसरली की एका आजोबांनी धरलं म्हणून निभावलं. त्यानंतर चारही दिवस ती माझा दंड धरूनच चालली आणि "तू पडलीस तर मी पडेन, हे लक्षात ठेव" असा दम देत राहिली.

अठ्ठावीस नंबरची पिवळी ट्राम सगळ्यांप्रमाणे आम्हीही केली. तासभर रांग, मग आत शिरल्यावर दादर फलाटाची आठवण. लाकडी डबा इतक्या अरुंद गल्लीतून जातो की हात बाहेर काढला तर समोरच्या खिडकीतली कुंडी उचलता येईल. उतरल्यावर सुनीतीच्या पर्सची चेन उघडी. आतलं एक कापडी पाकीट गेलं होतं. त्यात आवळासुपारी होती. पैसे आणि पासपोर्ट माझ्याकडे होते. त्या चोराचं तोंड कसं झालं असेल यावर आम्ही रात्रभर हसलो.

किल्ला पाहिला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला साऊ जोर्ज किल्ल्याचं फार अप्रूप वाटत नाही, पण वरून तेजू नदी छान दिसते आणि तटावर मोर हिंडतात. कार्मोचं चर्च मात्र मनात राहिलं. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाला, माणसं प्रार्थनेला जमलेली असताना भूकंप झाला. मग नदीतून लाटा आल्या, मग आगी लागल्या. या चर्चचं छत कोसळलं आणि ते पुन्हा पुरं झालंच नाही. नुसत्या कमानी आकाशात उभ्या आहेत, खाली पाऊस पडतोय. दाराबाहेरच्या लहानशा चौकात १९७४ च्या २५ एप्रिलला गर्दी लोटली होती. शेजारच्या बराकीत लपलेल्या कायतानू या पंतप्रधानानं त्या दिवशी शरणागती पत्करली आणि चार दशकांहून जुनी हुकूमशाही संपली. आता तिथे झाडाखाली खुर्च्या आणि कॉफी. आम्हीही प्यायलो. काचेच्या कपाटात तळलेले त्रिकोण मांडले होते. "शामुसा," पोरगा म्हणाला. समोसा! गोव्याहून आणि मोझांबिकमधून आलेल्या लोकांनी तो इथे आणला आणि आता साध्या चहाच्या टपरीवरही मिळतो. सारण जरा मिळमिळीत. सुनीतीनं पर्समधून लसणाची चटणी काढली. (ती चोरानं सोडली होती, गुणी माणूस.)

तिसरा दिवस बेलेंचा, लिस्बनच्या नदीकाठच्या भागाचा. ट्राममधून उतरून बागेत शिरलो तर उंच खांबावर एक दाढीवाला. नाव वाचलं: आफोन्सो द आल्बुकर्क. मी म्हटलं, "हा बघ हापूस." आपल्या आंब्याचं नाव याच्यावरून पडलं. सुनीतीनं मान वर करून बराच वेळ पाहिलं. "नमस्कार करू का शिव्या देऊ?" १५१० साली गोवा जिंकल्यावर तिथल्या मुसलमानांची कत्तल यानंच करवली होती. शेवटी तिनं दोन्ही केलं नाही, फोटो काढला.

जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये दारातून शिरताच एका बाजूला वास्को द गामाची कबर आहे. माणूस मेला कोचीत, १५२४ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी, आणि पुरलाही होता तिथेच. नंतर अवशेष इकडे आणले. मला जास्त आवडले ते पुढे आत राजांच्या शवपेट्या पाठीवर घेऊन उभे असलेले दगडी हत्ती. कोणी कारागिरानं हत्ती नीट पाहून घडवलेत की ऐकून, असा प्रश्न पडावा असे.

कारण तेव्हा लिस्बनमध्ये खरे हत्ती होते. आणि एक गेंडाही. त्याच्यासाठी तर मी एवढा पाय तोडत बेलेंच्या बुरुजापर्यंत आले होते. आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहानं परवानगी दिली नाही, पण वाईट वाटू नये म्हणून भेटी दिल्या, त्यात हा गेंडा. आल्बुकर्कनं ती ब्याद गोव्याहून राजाकडे धाडली. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघालं, २० मेला लिस्बनला लागलं. राजानं त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्तीच पळाला. मग राजानं तो पोपला नजराणा म्हणून पाठवला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडून बिचारा मेला. बेड्या होत्या, पोहणार कसा. न्यूरेंबर्गच्या ड्यूरर या चित्रकारानं तो न पाहताच, पत्र आणि एका रेखाटनावरून त्याचं चिलखत घातल्यासारखं चित्र काढलं आणि युरोप पुढे कित्येक पिढ्या तेच खरं मानत राहिला.

बुरुजाचं बांधकाम त्याच सुमाराला चाललं होतं. एका टेहळणी कोठीच्या तळाशी गेंड्याचं तोंड कोरलंय. मी आधी वाचलं होतं, तरी सापडेना. भुरभुर पावसात दोघी काठावर माना वाकड्या करून उभ्या. शेवटी सुनीतीलाच दिसलं. शिंग झिजून गेलंय, नाक सपाट, नुसता एक ओला दगडी गोळा. सुनीती म्हणाली, "ओळखू येत नाही गं, पण डोळा आहे."

आणि मग काशियश. ते आमच्या यादीत नव्हतं. चौथ्या दिवशी समुद्रावरच्या कश्काइशला जायला काइश दु सोद्रे स्टेशनवरून लोकल पकडली. गाडी नदीच्या कडेकडेनं जाते. हातात भाजलेल्या चेस्टनटचा कागदी द्रोण, गरम शिंगाड्यासारखी चव. स्टेशनांची पाटी वाचता वाचता नाव दिसलं आणि मी सुनीतीला उठवलंच. गोवा मुक्तिसंग्रामातले आमच्या सांगलीचे मोहन रानडे इथे तुरुंगात होते.

दादांच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं. १९५५ साली बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात रानडे जखमी होऊन पकडले गेले, पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं आणि काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती काढून वर्षानुवर्षं खटपट केली.

उतरलो. फलाटाच्या पलीकडे लगेच पाणी आणि काठावर टुमदार जुना किल्ला. मी हळवी होऊन फोटो काढायला लागले. तेवढ्यात कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना विचारलं, तर त्यांनी हसून मान हलवली. हा तो नव्हेच. त्यांनी पाठीमागच्या टेकडीकडे हात केला. तुरुंग वर आहे आणि अजून तुरुंगच आहे. बघायला काही नाही, म्हणाल्या. वर जायला सुनीतीचे गुडघे तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर चालू तुरुंगाच्या दारात जाऊन काय करणार होतो?

बाकावर बसलो. चेस्टनट गार झाले होते.

"पण एकसष्टला गोवा सुटला ना?" सुनीती म्हणाली. "मग एकोणसत्तर?"

"यांच्या लेखी सुटला नव्हता ना." त्या कार्मोच्या चौकात कायतानू शरण आला, त्यानंतरच्या सरकारनं गोवा भारताचा म्हणून मान्य केला. तोवर गोवा त्यांचाच, आणि रानडे त्यांचे गुन्हेगार.

ती काही बोलली नाही. एरवी तिला गप्प बसवायला झोप लागते.

पुढची गाडी पकडून कश्काइशला गेलो. लाटांनी पोखरलेली कपार पाहिली, पोस्टकार्डं घेतली, आइस्क्रीम खाल्लं, अर्थात भर पावसात. परतीची गाडी जलद होती, काशियशला थांबणार नव्हती. सुनीतीनं मला उठवून खिडकीची जागा मागून घेतली.