मेथीची जुडी आणि सलगतेचा सराव

आमच्याकडे फिल्मच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांना सलगतेचा सराव असतो. एक खोली, दोन पात्रं, चारेक मिनिटांची फिल्म. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेले तुकडे जोडले की प्रसंग एका दमात घडल्यासारखा वाटला पाहिजे. यंदा एका गटाने कसबा पेठेतला वाडा निवडला. गोष्ट साधीच: नातू नोकरीसाठी परगावी निघालाय, आजी मेथी निवडत बसलीय. आजीच्या कामासाठी वाड्यातल्याच एक आजी तयार झाल्या.

पुण्यात पोरांच्या हातात कॅमेरा दिसला की ‘इन्स्टिट्यूटचे का?’ हा प्रश्न ठरलेला. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून इथे आली, तिच्याच स्टुडिओत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. अशा पोरांना दार उघडायची या शहराला सवय आहे. आमची मुलं तिथली नव्हती, तरी शेजारच्या काकूंनी मिक्सर बंद ठेवला.

चौकातलं ऊन सरकायच्या आत वाइड शॉट उरकले. क्लोजअपला थर्माकोलवरून उजेड मारला. स्वयंपाकघरात जुनी ट्यूब होती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर १/६० सेकंदावर असेल तर चित्रात पट्टे सरकताना दिसतात. कॅमेऱ्यावरच्या मुलीने ते आपणहून १/५० वर आणलं. मला फार बरं वाटलं.

खरी परीक्षा मेथीने घेतली. वाइडमध्ये ताटात मूठभर पानं, क्लोजअपपर्यंत ढीग. कंटिन्युइटी, म्हणजे हीच सलगता, बघणारी मुलगी प्रत्येक टेकनंतर मोबाइलवर फोटो काढायची आणि पानं मोजूनमापून परत काढून ठेवायची. जुड्या संपल्या, तसं एकाला मंडईत पिटाळलं.

“आजी, जरा सावकाश निवडा ना, फोकस सुटतोय.”

“सावकाश निवडली तर स्वयंपाक कधी व्हायचा, बाळा?”

दिग्दर्शक मुलाने लिहिलेलं वाक्य होतं, ‘तू गेल्यावर घर खायला उठेल रे.’ ते म्हणताना दर वेळी आजींचे हात थांबायचे आणि प्रसंगच थांबायचा. शेवटी तो त्यांच्या शेजारी जाऊन बसला, म्हणाला, “वाक्य सोडा. तुमचं काम चालू द्या.” टेक सुरू झाला. आजींनी एक पिवळं पान बाजूला टाकलं आणि मान वर न करता विचारलं, “गाडी किती वाजताची?” नातू झालेला मुलगा संवाद विसरून म्हणाला, “साडेपाचची.” “मग चारला उठवते.” हात चालूच. मी भिंतीला टेकून उभी होते, घसा दाटून आला. न बोलता काय सांगितलं जातं, यावर मी वर्गात तासच्या तास बोलते. पण त्या पोरांना ते कळलं त्या ताटासमोर.

निघण्यापूर्वी सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद खोलीचा आवाज रेकॉर्ड केला. संकलनात सांधे झाकायला तो लागतोच.

एडिटवर त्या मुलाने स्वतःचं वाक्य काढून टाकलं आणि तो टेक अख्खा, न कापता ठेवायची परवानगी मागितली. सलगतेच्या सरावात तुकडे जोडलेले, म्हणजे कट असायलाच हवेत, असा आमचा आग्रह असतो. बाकीच्या फिल्ममध्ये ते भरपूर होते आणि नीट बसले होते. मी हो म्हटलं.