रूबेन डिप, पाचवी बॅच: पाणी सुटायचं शेवटी थांबलं

डिसेंबरपासून या एका डिपच्या मागे लागलेय, पाच बॅच झाल्या, त्यातल्या तीन मनासारख्या झाल्या नाहीत, चौथी बरी झाली आणि पाचवी सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या, रविवारी शेजाऱ्यांकडे नेली. काय केलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण घरी मांस मुरवणारे आपल्यात बरेच आहेत आणि मुरवल्यावर एवढ्या बीफचं करायचं काय हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो.

ज्यांनी खाल्लं नाहीये त्यांच्यासाठी, रूबेन हे मूळ सँडविच, राय नावाच्या धान्याच्या ब्रेडमध्ये कॉर्न्ड बीफ म्हणजे मिठात मुरवलेलं बीफ, स्विस चीज, सॉवरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, आणि मेयोनीज-केचपचं रशियन ड्रेसिंग, तव्यावर लोण्यात भाजलेलं. डिप म्हणजे हेच सगळं क्रीम चीजमध्ये कालवून बेक करायचं आणि गरमगरम असताना राय ब्रेडच्या कुरकुरीत तुकड्यांनी उचलून खायचं. आणि हो, कॉर्न्डचा मक्याशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलाही दाणा, इथे जाड्या मिठाचा खडा.

मी राहते ओमाहात, नेब्रास्का. इथल्या लोकांना विचाराल तर रूबेन आमचंच. १९२० च्या दशकात इथल्या ब्लॅकस्टोन हॉटेलात दर आठवड्याला पोकरचा अड्डा जमायचा, त्यातल्या रूबेन कुलाकोफ्स्की नावाच्या किराणा व्यापाऱ्याच्या नावावरून हे नाव पडलं असं सांगतात. न्यूयॉर्कवाले म्हणतात छे, आमच्या अरनॉल्ड रूबेनच्या डेलीतलं, म्हणजे तयार मांस-सँडविचच्या दुकानातलं आहे ते. भांडण जुनं आहे, पण १९५६ साली सँडविचची राष्ट्रीय स्पर्धा याच सँडविचने जिंकली आणि जिंकणारी फर्न स्नायडर ब्लॅकस्टोनमध्येच वेट्रेस होती, त्यामुळे माझं मत ओमाहाला. शिवाय त्या काळात इथला गुरांचा बाजार शिकागोलाही मागे टाकून सगळ्यात मोठा झालेला, म्हणजे बीफची कमी नव्हती.

आता बॅच.

पहिली टिनमधल्या कॉर्न्ड बीफची. ती किल्लीने उघडायची चौकोनी टिन आईकडेही असायची, कांदा-मिरचीवर परतून पावाबरोबर फार छान लागतं ते, पण डिपमध्ये गरम झालं की विरघळून सगळ्याचा लगदा होतो, दाताखाली काहीच येत नाही. दुसरी बॅच डेलीतून पातळ स्लाइस आणून केली, चव चांगली पण खारट, आणि वीस मिनिटांत कडेने पाणी सुटलं, डिपच्या मधोमध बेट आणि भोवती तळं. तेव्हाच ठरवलं की ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचं मांस, आणून घरीच मुरवायचं, मीठ आपल्या हातात राहील.

मुरवायचं मला नवीन नाही. वसईला आमच्या आजीचं सॉल्ट मीट ख्रिसमसच्या आधी सुरू व्हायचं, मांसाला सुईने टोचे मारायचे, मीठ, सोरा (मांस मुरवायचा जुना क्षार) आणि लिंबाचा रस चोळायचा, आणि वर पाटा ठेवायचा. रोज सकाळी पाटा उचलून मांस उलटायचं काम माझ्याकडे असायचं, आणि त्या पातेल्याचा तो खारट-लिंबाळ वास मला अजून आठवतो. इथे सोऱ्याच्या जागी पिंक क्युअरिंग सॉल्ट मिळतं, ज्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं (मुरलेल्या मांसाला गुलाबी रंग आणि खास चव यानेच येते), बाकी साधं मीठ, आणि त्या मिठाचा स्वतःचा गुलाबी रंग मुद्दाम घातलेला असतो की कोणी चुकून जेवणात वापरू नये.

माझं माप वजनावर, चमच्यावर नाही, आणि याबाबतीत कोणाचंही ऐकू नका, काटा घ्याच. ब्रिस्केटचा फ्लॅट, म्हणजे त्यातला सपाट, कमी चरबीचा तुकडा, २.३ किलो, पाणी २ लिटर, म्हणजे एकूण ४.३ किलो. याच्या २.५ टक्के मीठ म्हणजे १०८ ग्रॅम, आणि ०.२५ टक्के पिंक सॉल्ट म्हणजे १०.८ ग्रॅम. थोडी ब्राउन शुगर. मसाल्याला बाहेरची पुडी आणलीच नाही, धणे, मोहरी, मिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र सगळं आपल्याच डब्यात असतं, फक्त ऑलस्पाइस वेगळं घेतलं. धणे-मोहरी जरा भाजून घातले. पाणी उकळून पूर्ण गार केलं, मग मांस बुडवलं, वर बशी, आणि फ्रिजमध्ये.

तिसऱ्या बॅचला घाई केली. पाच दिवसांनीच काढून शिजवलं आणि कापलं तर कडेने दीड-दोन सेंटीमीटर सुंदर गुलाबी आणि मध्ये राखाडी पट्टा, अगदी रेघ मारल्यासारखा. नायट्राइट आतपर्यंत पोचलंच नव्हतं. खायला काही वाईट नाही, पण तो मधला भाग नुसत्या उकडलेल्या बीफसारखा लागतो, ती कॉर्न्डची खास चव येत नाही. चौथ्या वेळी दहा दिवस ठेवलं, रोज उलटलं, आणि सुरी आरपार गेली तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच रंग, गुलाबी पेरूच्या आतल्या गरासारखा. नवऱ्याला मुद्दाम किचनमध्ये बोलावून दाखवलं.

शिजवताना खळखळ उकळू द्यायचं नाही, पाणी नुसतं हलत राहिलं पाहिजे, मला साधारण साडेतीन तास लागले काटा सहज आत जाईपर्यंत. मग त्याच पाण्यात कोमट होऊ द्यायचं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी कापायचं. गरम असताना कापाल तर धागे धागे होतात. गार मांसाचे हाताने तुकडे, साधारण वाटाण्याएवढे, फूड प्रोसेसर अजिबात नको.

पण चौथ्या बॅचलाही पाणी सुटलंच होतं, थोडंसं, आणि मग लक्षात आलं की दोष बीफचा नाहीच, सॉवरक्राउटचा आहे. मी मुठीत दाबून पिळत होते आणि तेवढं पुरेल असं धरून चालले होते. पाचव्या वेळी श्रीखंडाच्या चक्क्याला बांधतो तसं पंच्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं, एक तास, आणि मग परत पिळलं. ४०० ग्रॅम क्राउटमधून वाटीभर पाणी निघालं! तेवढं सगळं पाणी आधीच्या प्रत्येक डिपमध्ये जात होतं. नंतर तो कोबी थोड्या लोण्यावर पाच मिनिटं परतला, कडा जरा तांबूस होईपर्यंत, सोबत एक चमचा कॅरावे, दिसायला आपल्या शहाजिऱ्यासारखंच, वास जरा वेगळा. या परतण्याने आंबटपणा गोलसर होतो. ही एक स्टेप मी आता कधीच सोडणार नाही.

चीजबद्दल. तिसऱ्या बॅचला ओव्हन ४०० फॅरेनहाइटवर ठेवला होता पस्तीस मिनिटं, वर तेलाचा तवंग आणि खाली रबर. स्विस जास्त तापलं की फॅट वेगळं होतं आणि मग काही केल्या परत एकत्र येत नाही. आता ३५० वर बावीस मिनिटं, चीज ब्लॉक आणून स्वतः किसायचं आणि किसाला एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर चोळायचं. क्रीम चीज आधी बाहेर काढून मऊ केलेलं हवं, नाहीतर गुठळ्या राहतात.

पाचव्या बॅचचं शेवटचं माप असं झालं: क्रीम चीज एक ब्लॉक म्हणजे २२६ ग्रॅम, सावर क्रीम अर्धा कप, बीफ ३४० ग्रॅम, टांगलेला-परतलेला क्राउट एक कप, स्विस २२५ ग्रॅम, त्यातलं मूठभर वरून पसरायला, आणि रशियन ड्रेसिंग पाव कप. वरून मीठ चिमूटभरही नाही. ड्रेसिंग घरचंच, मेयोनीज, केचप, बारीक चिरलेली लोणच्यातली काकडी, वूस्टरशर सॉस. हॉर्सरॅडिश (मुळ्यासारखं एक झणझणीत मूळ, किसून वापरतात) मात्र ड्रेसिंगमध्ये घालून बेक केलं तर त्याचा नाकात जाणारा झणका उडून जातो, म्हणून मी ते ओव्हनमधून काढल्यावर थोड्या ड्रेसिंगमध्ये कालवून वरून रेघा ओढते. नऊ इंची बिडाच्या तव्यात बेक केलं आणि तव्यासकटच नेलं, बीड गरम राहतं ना, सामन्याचा पहिला क्वार्टर संपेपर्यंत चीजला तार येत होती.

आपल्यातली दोन कुटुंबं बीफ खात नाहीत, त्यांच्यासाठी परतलेल्या मशरूमचं वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने केलं, वर चिठ्ठी लावली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. तेही संपलं. तवा तर एका आजोबांनी शेवटी ब्रेडने पुसून घेतला, जन्मापासून ओमाहात राहिलेले गृहस्थ, म्हणाले क्राउट कुठला वापरलास, आणि मी पंच्याचं सांगितलं तर त्यांनी पंचा म्हणजे नक्की कसलं कापड ते नीट विचारून घेतलं.

सेंट पॅट्रिक्स डे १७ मार्चला आहे, त्याच्या आसपास इथे ब्रिस्केट बऱ्यापैकी स्वस्त होतं, तेव्हा दोन फ्लॅट घेणार आहे. एक याच मापाने, आणि दुसऱ्याला आजीच्या पद्धतीने पाणी न घालता, लिंबाचा रस लावून, वर वजन ठेवून बघायचंय, फक्त सोऱ्याऐवजी पिंक सॉल्ट, मांसाच्या वजनाच्या ०.२५ टक्के. पाटा इथे नाही, बिडाचा तवाच ठेवीन. कोणी लिंबू लावून ब्रिस्केट मुरवलं असेल तर किती दिवस ठेवलं ते सांगा, मला लिंबाने वरचा थर कडक होईल का याची काळजी वाटतेय.