आमची वाटचाल: नागपूरच्या उन्हात एक छोटं जेट

दर मे महिन्यात एक फोन येतोच. "कॅप्टनसाहेब, सहा जणं आहोत, सामान काही जास्त नाही, दुपारी दोनला निघू ना?" आमचा चार्टरचा, म्हणजे विमान भाड्याने द्यायचा, सगळा धंदा या एका प्रश्नाभोवती फिरतो म्हणून तिथूनच सुरू करतो.

आमच्याकडे विमान एकच, सेसनाचं सायटेशन सीजे-टू प्लस, लीजवर घेतलेलं. मी नागपूर फ्लाइंग क्लबला सेसना १५२ वर शिकलो, मग बरीच वर्षं एअरलाइनमध्ये मोठी विमानं उडवली आणि २०१८ ला घरी परत येऊन ही फर्म काढली. बायको हिशोब आणि बुकिंग बघते, एक एएमई, म्हणजे मेंटेनन्स इंजिनिअर आहे, माझ्यासोबत आणखी एक पायलट, दोन पोरं ग्राउंडला, बस एवढीच माणसं. हे विमान एका पायलटवर चालवायला सर्टिफाइड आहे, पण आम्ही कायम दोघं बसतो, त्यात पैसे वाचवायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं.

लोकांना वाटतं विमान आलं की काम सुरू. चार्टरच्या परमिटसाठी विमान एक असो की दहा, ऑपरेशन्स मॅन्युअल, सेफ्टीचं मॅन्युअल, मेंटेनन्सचे करार, ट्रेनिंगचे रेकॉर्ड, सगळं लागतंच. टाइप रेटिंगला, म्हणजे हेच मॉडेल उडवायची परवानगी मिळवायला, मी अमेरिकेत विचिटाला गेलो, सायटेशनचं माहेरच ते, तिथे सिम्युलेटरवर रोज इंजिन बंद पाडतात, आग लावतात, हे सगळं होईस्तोवर कमाई शून्य आणि लीजचा हप्ता चालूच. वर्धा रोडवरचा प्लॉट त्यातच गेला.

एअरलाइनमधून आल्यावर वाटलं होतं छोटं विमान म्हणजे सोपं. तसं काही नाही. तिकडे डिस्पॅचवाले प्लॅन करून देतात, वजनाचा हिशोब, म्हणजे लोडशीट, तयार हातात येते. इथे हवामान मीच बघायचं, वजन मीच जोडायचं आणि बॅगा उचलून बघायच्या त्यापण मीच, कारण कस्टमरची "छोटीशी बॅग" कधी कधी पंचवीस किलोची निघते. विमानाला एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज देणारं स्वतःचं छोटं इंजिन नाही, म्हणजे उभं असताना एसी हवा तर बाहेरून जीपीयू, म्हणजे वीज देणारं मशीन जोडा. नागपुरात मेमध्ये तास-दोन तास विमान उन्हात राहिलं की आत हात ठेववत नाही, म्हणून पोरं काचांना चंदेरी पडदे लावतात आणि पॅसेंजर यायच्या अर्धा तास आधी जीपीयू सुरू करतात, स्वतः डोक्याला दुपट्टा बांधून.

आता त्या दोनच्या फोनवर येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडं वर आहे. पण ४५ डिग्रीला हवा एवढी विरळ होते की विमानाला वाटतं आपण जवळपास ५ हजार फुटांवर आहोत. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला हवा कमी मिळते, पळायला रनवे जास्त लागतो. ब्रोशरमध्ये लिहिलंय की फुल वजनात साधारण १,००० मीटरमध्ये हे विमान उडतं, ते समुद्रकाठी १५ डिग्रीला. आमच्या उन्हात जवळपास दीडपट धरा. नागपूरचा रनवे ३,२०० मीटर आहे, तिथे पळायची अडचण नाही, पण एक इंजिन गेलं तर दुसऱ्यावर चढता आलं पाहिजे, तो आकडा गर्मीत पहिले खाली येतो. वजन ५,६७० किलोच्या वर न्यायचं नाही हे तर आहेच. टाकी फुल्ल केली की सहा जणं बसत नाहीत, सहा जणं बसवले की टाकी फुल्ल होत नाही. प्रत्येक कस्टमरला हे नव्याने समजवावं लागतं आणि मी ते न कंटाळता समजवतो.

पहिल्या वर्षीची जळगावची ट्रिप मी विसरू शकत नाही. तिथून सहा जणांना दिल्लीला न्यायचं होतं, दुपारी एकला, मेचा शेवटचा आठवडा म्हणजे ऐन नवतपा, सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस. रनवे १,७०० मीटर. किती रनवे लागेल तो चार्ट काढला तर आकडा बसत होता, पण अगदी काठावर, आणि बाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक दर दोन मिनिटांनी फिरत होता, दुपारच्या भोवऱ्यांत असंच होतं. वारा थोडा जरी मागून आला तर तो आकडा बसत नाही. माझ्या डोक्यात पहिला विचार बिलाचा आला, खोटं कशाला सांगू, ते आमचं त्या महिन्याचं सगळ्यात मोठं बिल होतं. मग मी कोपायलटकडे बघितलं, तो काही बोलला नाही, नुसतं चार्टवर बोट ठेवलं. आम्ही इंधन कमी घेतलं, इंदूरपर्यंत पुरेल एवढंच, तिथे लांब रनवेवर उतरून टाकी भरली आणि मग दिल्ली. सव्वा तास उशीर झाला. कस्टमर रागावले, त्यांची मीटिंग चुकली आणि ते परत कधी आमच्याकडे आले नाहीत. फार लागलं ते.

त्या रात्री बायको म्हणाली, "उडवायच्या दिवशी तुम्ही कस्टमरशी बोलूच नका, पैशाचं मी बघते." तेव्हापासून तसंच आहे. ज्या दिवशी मी उडवतो त्या दिवशी रेट, डिस्काउंट, उशीर, सगळे फोन तिच्याकडे, आणि दोघांपैकी एक पायलट नाही म्हणाला की नाही.

पावसाळा वेगळा. या विमानाला थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा जोर उलटा फिरवून थांबवणारी सोय नाही, ओल्या रनवेवर सगळा भरवसा ब्रेकवर आणि वेगावर. वेग दहा टक्के जास्त ठेवून उतरलं तर थांबायला वीसेक टक्के जास्त जागा लागते. नागपूरला ते चालून जातं, छोट्या पट्टीवर नाही. नवीन पायलट आला की मी आधी हेच बघतो की स्पीड जास्त वाटली तर गो-अराउंड करतो का, म्हणजे न उतरता परत वर जातो का, की नाक दाबून विमान खाली बसवतो.

२०२० ला २५ मार्चपासून दोन महिने पॅसेंजर विमानं बंद होती, आम्ही काही औषधं नेली, दोन पेशंट नेले, बाकी विमान कव्हर घालून उभं. पगार कापले नाहीत पण लीजवाल्यांना हात जोडले.

झिरो माईलच्या, देशाच्या मधोमधच्या गावात असल्याचा एक फायदा आहे, मुंबई, दिल्ली, हैदराबाद सगळं दीड-दोन तासांत येतं. तोटा हा की सोडून आलं की विमान रिकामं परत, आणि त्या रिकाम्या फेरीचे पैसे कस्टमरला द्यायचे नसतात. आम्ही आता बुकिंगच्या वेळीच लिहून देतो. चार लोकं निघून जातात, जे राहतात ते टिकतात.

यंदा दुसऱ्या विमानाचं घरात बोलणं चालू आहे, अजून ठरलेलं नाही. एवढं मात्र ठरलंय की २५ मेपासून पुढचे नऊ दिवस सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच आम्ही बुकिंग घेणार नाही. पहाटे पाचला या, बापा, आम्ही जीपीयू लावून तयार असतो. फोन बायकोच उचलेल.