१ फेब्रुवारी, रात्री साडेदहा

सकाळी कॅलेंडरचं पान उलटलं आणि कल्पना चावला आठवली. दरवर्षी आठवते. २००३ साली या तारखेला शनिवार होता. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते आणि कोलंबिया यान टेक्सासच्या आकाशात तुटलं. फ्लोरिडात उतरायला जेमतेम १६ मिनिटं उरली होती. आई पोळ्या करत होती. बातमी ऐकून पिठाच्या हातानेच बाहेर आली. टीव्हीवर निळ्या आभाळातल्या त्या एका पांढऱ्या रेघेच्या दोन झाल्या, मग तीन, आणि आईने तसेच हात जोडले.

उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. १६ दिवस ते सात जण जखमी पंखानिशी पृथ्वीभोवती फिरत होते. इतकी वर्षं मी त्यातलं एकच नाव घेत आले, याचं आज वाईट वाटलं. म्हणून बाकीच्यांविषयी वाचायला बसले आणि मायकेल अँडरसनपाशी थांबले. यानावरच्या सगळ्या प्रयोगांची जबाबदारी त्याच्याकडे होती. कृष्णवर्णीय अंतराळवीर, जन्म २५ डिसेंबर १९५९. १ फेब्रुवारी १९६० ला तो ३८ दिवसांचा होता.

त्या सोमवारी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो गावी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची चार कृष्णवर्णीय मुलं वूलवर्थच्या दुकानात गेली. टूथपेस्ट वगैरे घेतलं, पावत्या जपून ठेवल्या आणि खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. तिथे काळ्या माणसांना बसून खायला मिळत नसे. टूथपेस्टचे पैसे चालतात, मग कॉफीचे का नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. कॉफी मिळाली नाही. दुकान बंद होईपर्यंत ती बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी आणखी मुलांना घेऊन आली. मला हे वाचताना महाडचं तळं दिसतं. तिथे ओंजळभर पाणी, इथे कपभर कॉफी.

२५ जुलैला दुकानाने हार मानली. त्या काउंटरवर सगळ्यांत आधी जेवली ती दुकानातच काम करणारी कृष्णवर्णीय माणसं. इतके दिवस दुसऱ्यांसाठी रांधायचं आणि आपण तिथे टेकायचंही नाही! पहिला घास घेताना त्यांना काय वाटलं असेल, हे दिवसभर मनातून जात नाहीये.

गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीच्या ठरावावर लिंकननी सही केली तीही १ फेब्रुवारीलाच, १८६५ साली. राष्ट्राध्यक्षांच्या सहीची कायद्याने गरज नव्हती, तरी त्यांनी केली. त्या सहीपासून त्या न मिळालेल्या कॉफीपर्यंत बरोबर ९५ वर्षं.

कॅलेंडरच्या आजच्या चौकोनात मी दरवर्षी पेन्सिलीने ‘कल्पना’ लिहिते. आज तिथीच्या खाली बारीक अक्षरात मायकेल, रिक, विल्यम, डेव्हिड, लॉरेल, इलान अशी सगळी नावं बसवली. ग्रीन्सबरोच्या चौघांना जागा उरली नाही, म्हणून इथे लिहून ठेवते: एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील, डेव्हिड रिचमंड.