नागरिक नसलेला माझा अशील

विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरची वकील म्हणून मी कारागृहात जाते. तिथे मला एक परदेशी बंदी भेटला. त्याची शिक्षा भोगून संपली होती, दंडही भरला होता. पण त्याच्या देशाच्या दूतावासाकडून प्रवासाची कागदपत्रे आली नाहीत म्हणून त्याला आतच ठेवले होते. वकालतनाम्यावर त्याची सही घेऊन मी कारागृहाचा शिक्का मागितला, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारले, "मॅडम, हा आपला नागरिकच नाही, मग याला सरकारी खर्चाने वकील कसा?"

प्रश्न गैरलागू नव्हता. मोफत कायदेविषयक साहाय्याबद्दलच्या, घटनेतील अनुच्छेद ३९-क मध्ये नागरिकांचाच उल्लेख आहे. मात्र १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाचे कलम १२ 'व्यक्ती'बद्दल बोलते आणि कोठडीत असणे एवढीच पात्रता त्याला पुरते. ते दाखवल्यावर शिक्का मिळाला.

त्याच्या सुटकेसाठी आम्ही उच्च न्यायालयात गेलो. आमच्या आधी बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीत, एका देवस्थानाचे आणि एका कंपनीचे प्रकरण होते. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्येच मान्य केले होते. कंपनीला भाषणस्वातंत्र्यासारखे अनुच्छेद १९ चे हक्क नसले, कारण ती नागरिक नाही, तरी अनुच्छेद १४ ची समानता ती व्यक्ती म्हणून मागू शकते. त्या दोघांच्या दाद मागण्याच्या अधिकाराबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. हाडामांसाच्या माझ्या अशिलाबद्दल मात्र सरकारी वकिलांचा पहिलाच आक्षेप तो होता, आणि याचे मला आजही वाईट वाटते.

त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या हान्स म्युलर निकालाचा आधार घेतला: परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे. तो निकाल मला मान्यच होता. माझे म्हणणे वेगळे होते. भाषणस्वातंत्र्य, संचार, वास्तव्य हे हक्क घटनेने नागरिकांना दिले. कायद्यापुढील समानता, जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्य मात्र कोणत्याही व्यक्तीला दिले. हा फरक अनवधानाने झालेला नाही. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्याच्या संरक्षणातून शत्रुदेशाच्या माणसाला वगळण्यासाठी अनुच्छेद २२ मध्ये स्वतंत्र तरतूद करावी लागली. इतर परदेशी माणसे 'व्यक्ती' या शब्दात मुळातच येत नसती, तर या अपवादाचे प्रयोजनच उरले नसते. अरुणाचलमधील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये आणि हावड्यात अत्याचार झालेल्या बांगलादेशी महिलेच्या प्रकरणात २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीवित आणि व्यक्तिगत स्वातंत्र्याचे अनुच्छेद २१ चे संरक्षण परदेशी माणसांनाही आहे, असे स्पष्ट सांगितले आहे.

न्यायमूर्तींनी सरकारी वकिलांना एवढेच विचारले, "शिक्षा संपल्यानंतर हा माणूस आज कोणत्या आदेशाखाली आत आहे?" फाइल पुढून मागे, मागून पुढे चाळली गेली, स्थानबद्धतेचा आदेश तिच्यात नव्हता. सरकारने नंतर तसा आदेश काढला असता, तर त्याची वैधता वेगळी तपासावी लागली असती. पण त्या दिवशी त्याला आत ठेवायला कायद्याचा कोणताच आधार नव्हता.

त्याला भारतात राहू द्यावे, असे न्यायालयाने म्हटले नाही आणि मी ते मागितलेही नव्हते. त्याची कारागृहातून सुटका करावी, परत पाठवणी होईपर्यंत त्याने निवारागृहात राहावे आणि ठरल्या दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी द्यावी, असा आदेश झाला. दूतावासाशी पत्रव्यवहार अजून चालू आहे.