कापसाचा बोळा

रावपुऱ्यातल्या आमच्या दुकानात गळाचं सामान घ्यायला येणारं गिऱ्हाईक बहुतेक गोड्या पाण्याचं. मही, नर्मदा, आसपासचे तलाव. मासा रोहू, कटला, फार तर मरळ. समुद्रासाठी रॉड मागणारे वर्षाला मोजकेच, आणि त्यांतली बरीचशी आपली बडोद्याची मराठी मंडळी, दिवाळीत किंवा मे महिन्यात कोकणात गावी जाणारी.

दिवाळीला दहा-बारा दिवस होते. दांडिया बाजारातले एक काका आले. वय सत्तरीच्या पुढे. कापडी पिशवीतून त्यांनी जुना रॉड काढून काउंटरवर ठेवला.

"अगदी असाच दुसरा दे. हा आता उघडत नाही."

दोन वर्षांपूर्वी तो मीच त्यांना दिला होता. टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, मिटवला की जेमतेम दोन फूट, रेल्वेत न्यायला सोयीचा. मी दोन नळ्या धरून पिळून बघितल्या, हलेनात. आत मीठ आणि रेती बसून सांधे जाम झाले होते. रीळ बसवायच्या जागेच्या धातूच्या कड्यावर पांढरी भुकटी धरली होती.

"गेल्या खेपेला काही लागलं का, काका?"

त्यांचा चेहरा खुलला. देवगडच्या बाजूला त्यांचं गाव आहे. खाडीच्या मुखाशी खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावर, उभं राहून ते भरतीच्या वेळी गरवत होते. जिताडा लागला. दोनदा पाण्याबाहेर उसळला. पुतण्याचा मुलगा जाळी घेऊन खाली उतरला, आणि तेवढ्यात दोरी सैल झाली.

"जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाला सुरीसारखी धार असते. त्यानंच कापली," काका म्हणाले. "पोरगं रात्री जेवलं नाही बघ."

कल्ल्याची धार खरी आहे. म्हणून तर दोरीच्या पुढे जाड नायलॉनचा लीडर बांधायचा. पण मला एक शंका आली. रीळ त्यांच्या पिशवीतच होतं, दोरी तशीच गुंडाळलेली. टोक उलगडून बघितलं. माशानं कापली असती तर लीडरचा एखादा तुकडा, निदान त्याची गाठ तरी परत आली असती. इथे लीडर परत आलाच नव्हता. दोरी त्याच्या बरीच अलीकडे तुटली होती. टोक पिंजल्यासारखं, आणि मागे हातभर अंतरात आणखी तीन ठिकाणी तंतू उसवलेले.

आईनं समईच्या वातींसाठी आणलेला कापूस मागच्या खोलीत होता. त्यातला चिमूटभर घेऊन मी रॉडच्या प्रत्येक गाईडच्या, म्हणजे दोरी ज्यातून जाते त्या, कडीतून आतल्या बाजूनं फिरवला. पहिल्या तीन कड्यांतून तो सरळ निघाला. टोकाच्या अलीकडच्या कडीत अडकला, आणि ओढल्यावर पांढरा धागा तिथेच राहिला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. भिंग लावलं तेव्हा कडीच्या आतल्या चिनीमातीसारख्या रिंगला केसाएवढी चीर दिसली. टेलिस्कोपिक रॉड मिटवताना गाईड एकमेकांवर आपटतात, त्यात ती पडली असणार. ताण आला की तीच चीर दोरी कापते.

मी काकांना स्पष्ट सांगितलं, "काका, जिताड्यानं नाही कापली. मी दिलेल्या रॉडनं कापली." त्यांना तो रॉड देताना मी एवढंच विचारलं होतं की कुठला मासा धरणार. उभे कुठे राहणार, फेकणार काय, हे विचारलंच नव्हतं. ते ऐकून काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग आता विचार."

खडपावरून, म्हणजे नऊ फूट. सात फुटी रॉड होडीत ठीक, खडपावर दोरी खालच्या दगडांना घासते. बारा फुटी रॉड रेतीच्या किनाऱ्यावरून जड शिसं लांब फेकायला. फेकणार खोटा मासा, तीसेक ग्रॅमचा, म्हणून बुंध्यावर फेकायचं वजन २० ते ५० ग्रॅम लिहिलेला बघितला. हा आकडा लोक वाचत नाहीत आणि त्यावर शंभर ग्रॅमचं शिसं लावून झटक्यात रॉड मोडतात. दोन तुकड्यांचा घेतला. सांधा एकच, धुवायला सोपा, आणि साडेचार फुटांचा तुकडा गाडीत वरच्या बर्थवर मावतो. गाईड गंजरोधक चौकटीचे, आत सिलिकॉन कार्बाइडची रिंग. नुसत्या क्रोमच्या कडीत ब्रेडेड, म्हणजे तंतू विणून केलेली, दोरी खाच पाडते.

कार्बन की काच-फायबर, यावर मात्र वेळ गेला. निव्वळ कार्बन हलका, पण दगडावर आपटला तर वरून न दिसणारी इजा होते आणि पुढच्या माशाला मोडतो. काच-फायबर मार सोसतो, पण तासाभरात मनगट भरून येतं. दोन्हींचं मिश्रण असलेला रॉड रीळ लावून काकांच्या हातात दिला आणि घड्याळ लावलं. दहा मिनिटं त्यांनी तो पेलला. मग दोरीचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून काटा शटरच्या कडीत अडकवला. नवी दोरी ३० पौंडांचा, म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा ताण सोसणारी. चार किलोच्या ताणाला रीळ दोरी सोडेल असा ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, लावला. काकांनी ओढलं. शेंडा वाकला, मग मधला भाग, बुंधा ताठ राहिला. "रॉड उभ्याच्या मागे न्यायचा नाही," मी त्यांचा हात धरून दाखवलं, "सगळा भार शेंड्यावर येतो."

रोज परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवायचा, सांधा सोडवून पुसायचा, हे त्यांनी दोनदा म्हणून घेतलं. वीज चमकायला लागली की रॉड खाली ठेवून निघायचं, कार्बनमधून वीज वाहते, हेही सांगितलं. दिवाळीच्या सुमारास कोकणात दुपारनंतर गडगडतं.

जुन्या रॉडचे पैसे मी नव्यातून वजा केले. त्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. निघताना त्यांनी काउंटरवरचा कापसाचा बोळा उचलून शर्टाच्या खिशात ठेवला.

दुकान बंद करायच्या आधी मी दोन वर्षांची वही काढली. तसलाच रॉड समुद्रासाठी म्हणून आणखी चौघांना विकलेला सापडला. चौघांनाही फोन लावले. तिघांनी उचलला. चौथ्याला उद्या सकाळी पुन्हा लावणार आहे.