रोझेटाच्या नोंदींतून ६७पी धूमकेतूभोवतीच्या वायूचा आलेख काढताना: माझा अनुभव

६७पी/चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को हा धूमकेतू सूर्यापासून सुमारे ३.१ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) होता तेव्हा पाण्याच्या तुलनेत कार्बन डायऑक्साइड उत्तर गोलार्धावर २.५ टक्के भरला आणि दक्षिणेवर ८० टक्के. त्यामुळे 'या धूमकेतूच्या कोमात (भोवतीच्या वायूच्या आवरणात) काय आहे' याचं उत्तर कधी आणि कुठून मोजलं हे सांगितल्याशिवाय देता येत नाही. धूमकेतूभोवती फिरलेल्या रोझेटा यानावरच्या, वायू मोजणाऱ्या रोझिना उपकरणसंचाच्या नोंदी युरोपीय अंतराळ संस्थेच्या संग्रहात सर्वांना खुल्या आहेत. त्यांतून काळानुसार आलेख काढताना मी दुरुस्त्यांचा क्रम कटाक्षाने पाळतो. तो मोडला की यानाच्या हालचालीच धूमकेतूतले बदल म्हणून दिसू लागतात.

सुरुवात डीएफएमएस या मास स्पेक्ट्रोमीटरपासून, म्हणजे वायूचे रेणू वस्तुमानानुसार वेगळे करणाऱ्या उपकरणापासून. त्याच्या डिटेक्टरवर ५१२ पिक्सेलच्या दोन ओळी आहेत, पिक्सेलची रुंदी २५ मायक्रोमीटर. पिक्सेलवरून वस्तुमान काढायचं तर मधल्या पिक्सेलपासूनच्या अंतराला (मायक्रोमीटरमध्ये) १,२७,००० मायक्रोमीटर आणि झूम (प्रतिमा किती पट ताणली जाते ते) यांच्या गुणाकाराने भागायचं (जवळची वस्तुमानं वेगळी दाखवणाऱ्या उच्च विभेदनात झूम साधारण ६.४), ई या संख्येला तो घात द्यायचा आणि मधल्या पिक्सेलवर पडणाऱ्या वस्तुमानाने गुणायचं. चुंबकाच्या तापमानानुसार मधला पिक्सेल सरकतो, म्हणून प्रत्येक स्कॅनमध्ये पाणी (१८) आणि कार्बन डायऑक्साइड (४४) यांच्या शिखरांवरून तो नव्याने बसवतो.

सर्वांत जास्त वेळ वस्तुमान २८ खातं. तिथे कार्बन मोनॉक्साइड २७.९९५, नायट्रोजन २८.००६ आणि एथिलीन २८.०३१ वर असतं. पहिल्या दोघांत जेमतेम १३ पिक्सेलचं अंतर. शिखर एका गॉसियनने (घंटेच्या आकाराच्या वक्ररेषेने) नीट बसत नाही. तिच्याखाली सुमारे दहा टक्के उंचीची आणि साधारण तिप्पट रुंद अशी दुसरी घ्यावी लागते, नाहीतर कार्बन मोनॉक्साइडचा पायथा नायट्रोजनच्या खात्यात जमा होतो. शिवाय आयन स्रोतात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने कार्बन डायऑक्साइड फुटतो आणि त्याचा तुकडाही २८ वरच येतो. तो वजा केला नाही तर कार्बन मोनॉक्साइडचा आलेख डायऑक्साइडची नक्कल करतो, आणि दोन्ही वायू एकाच जागेहून निघतात असा खोटा निष्कर्ष हाती येतो. वजाबाकीसाठी प्रमाण याच उपकरणाच्या अंशांकनातलं (ज्ञात वायूंवर घेतलेल्या चाचण्यांतलं) घ्यावं. छापील तक्त्यांतली प्रमाणं बहुधा ७० इलेक्ट्रॉनव्होल्टची असतात. इथे इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४५ आहे.

पिक्सेलची झीज आणि गेनच्या (संकेत किती पट वाढवला जातो त्याच्या) पायऱ्या यांची दुरुस्ती संग्रहासोबतच्या तक्त्यांवरून होते.

मग पार्श्वभूमी, म्हणजे धूमकेतूचा नसलेला वायू. यान स्वतःच वायू सोडतं, त्यात पाणीही असतं. यान वळलं आणि सावलीतली बाजू उन्हात आली की पाणी उसळतं. थ्रस्टर चालले की इंधनाच्या (मोनोमिथाइल हायड्रॅझिन) खुणा येतात. अशा वेळा कॉप्स या दाबमापकाच्या आलेखात टोकदार दिसतात, त्या मी सरळ गाळतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये यान १,५०० किलोमीटरपर्यंत लांब गेलं होतं, तेव्हा यानाचा स्वतःचा वायूच वरचढ ठरतो, म्हणून तेव्हाची मोजमापं गुणोत्तरांसाठी वापरत नाही.

वेळेची जुळवणी बरेच जण सोडून देतात. एका वस्तुमानाला साधारण ३० सेकंद लागतात, म्हणजे १३ पासून वर जाणाऱ्या स्कॅनमध्ये १८ आणि ४४ यांच्यात १३ मिनिटं जातात. केंद्रक (धूमकेतूचा घन गाभा) १२.४ तासांत स्वतःभोवती एक फेरी घेतं, त्या १३ मिनिटांत ते सहा अंशांहून जास्त वळतं. दोन्ही आलेख एकाच क्षणावर आंतर्वेशित केल्यावरच (आजूबाजूच्या मोजमापांवरून त्या क्षणाची किंमत काढल्यावरच) भागाकार करावा. त्यानंतर घनता केंद्रकापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायची, कारण लांब गेलं की वायू विरळ होतो, आणि प्रत्येक बिंदूला यानाखालचे अक्षांश-रेखांश जोडायचे.

आता ऋतू. केंद्रकाचा अक्ष सुमारे ५२ अंश कललेला, त्यामुळे मे २०१५ च्या विषुवानंतर दक्षिणेत छोटा पण प्रखर उन्हाळा आला; १३ ऑगस्ट २०१५ चा उपसूर्य बिंदू (सूर्याच्या सर्वांत जवळची जागा, १.२४ एकक) त्यातच येतो. म्हणून उत्तर आणि दक्षिण वेगळे ठेवतो. दोन्हींची सरासरी काढली तर यान कुठे किती वेळ थांबलं एवढंच तीत उमटतं.

गुणोत्तराशेजारी दोन्ही वायूंच्या स्वतंत्र घनता काढायलाच हव्यात, असं माझं ठाम मत आहे. २०१६ मध्ये धूमकेतू दूर जाताना पाणी झपाट्याने घसरलं, कार्बन डायऑक्साइड सावकाश उतरला. गुणोत्तर मात्र उंच चढतं, आणि पाहणाऱ्याला कार्बन डायऑक्साइड वाढल्यासारखा वाटतो.